आज्याचा रेझर

जुना रेझर साफ कसा करावा यावर लिहितोय म्हणून काही जण हसतील. हसू दे. आपल्या अंकांत कविता येतात, मोर्च्यांचे वृत्तांत येतात, पुढाऱ्यांना शिव्या येतात. वस्तूंवर आपण लिहीत नाही. आपल्या बापजाद्यांच्या घरात वस्तू होत्याच किती? मडकी, दोन टोप, एक कंदील, घोंगडी, कुणाकडे फौजेतली ट्रंक. त्यातलं जे थोडं उरलंय ते आता आपण आपल्याच हाताने नासवतोय, आणि तेही प्रेमाने. म्हणून हा लेख.

आमच्या घरात आज्याचा सेफ्टी रेझर आहे. तीन तुकड्यांचा. वरची टोपी, खालची दातेरी पट्टी आणि दांडा. दांडा फिरवला की तिन्ही सुटे होतात. आत पितळ, वरून निकेलचा मुलामा. पट्टीखाली बारीक अक्षरं आहेत, जिलेट आणि मेड इन इंग्लंड. आजा महार रेजिमेंटात होता. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात उभी राहिली. लढाई संपली, १९४६ साली आजा घरी आला, तेव्हा ट्रंकेत हा रेझर होता.

शहरात वाढलेला एखादा दोस्त म्हणेल, त्यात काय एवढं? दाढीचंच तर हत्यार! तर ऐका.

गावात न्हावी होता. बलुतेदार. साऱ्या गावाची डोकी आणि दाढ्या त्याच्याकडे. म्हशीसुद्धा भादरायचा. पण महारवाड्यातलं डोकं त्याच्या हाताखाली जात नव्हतं. वाड्यातलाच कुणीतरी जुना वस्तारा दगडावर लावायचा आणि आळीपाळीने सगळ्यांची करायचा. कापलं की हळद दाबायची. लग्नात नवऱ्या मुलाची दाढीसुद्धा अशीच.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, घरात पैसे द्यायची ऐपत होती, तरी भावंडांचे केस कापायची ती त्यांची मोठी बहीण. रामजी सुभेदारांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि पेन्शनीत निघाल्यावर ते काही काळ दापोलीत राहिले. म्हणजे हे आपल्या इथलंच घर. त्या घरातली सुभेदारी न्हाव्याच्या वस्ताऱ्यापुढे चालली नाही.

इथे न्हाव्याला शिव्या देऊन मोकळं होऊ नका. त्याने आपलं डोकं हातात घेतलं असतं तर गावाने दुसऱ्या दिवशी त्याचं बलुतं बंद केलं असतं. तोही बांधलेलाच. त्याच जातीच्या लोकांनी १८९०मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून संप केला. वस्तारा खाली ठेवायची ताकद त्यांच्यात होती. आपल्यासाठी तो उचलायची मुभा गावाने दिली नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत ‘दुकान’ या शब्दावर विचारणा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ मोठा करून सांगितला. जिथे माणूस आपली सेवा येईल त्याला द्यायला तयार असतो ती जागा म्हणजे दुकान. पुढे १९५५चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. त्यात दुकानाच्या व्याख्येत लाँड्री आणि केस कापायचं सलून शब्दाने घातलेलं आहे. १९७६मध्ये त्या कायद्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. एक सलून कायद्यात घालायला एवढं लागलं. कायदा आला आणि लगेच खुर्ची मिळाली असंही झालं नाही.

आज्याचा रेझर कायद्याच्या नऊ वर्षं आधी घरात आला.

या हत्याराची गोष्टही थोडी सांगतो. उघड्या वस्ताऱ्याने स्वतःची दाढी करायला हात बसावा लागतो, म्हणून बहुतेकांना दुसऱ्याच्या हाताची गरज. सेफ्टी रेझरमध्ये पातं दोन पट्ट्यांच्या मध्ये दाबलेलं असतं, नुसती कड बाहेर. खोल कापत नाही. धारही लावावी लागत नाही, पातं गेलं की दुसरं घालायचं. अमेरिकेत किंग जिलेटने १९०३मध्ये हे विकायला काढलं तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. मग पहिलं महायुद्ध आलं आणि अमेरिकन सरकारने आपल्या शिपायांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. शिपाई घरी गेले ते स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊनच. गोऱ्या शिपायाचा त्यामुळे न्हाव्याचा पैसा आणि वेळ वाचला. आमच्या आज्याचं काय वाचलं ते तो एका वाक्यात सांगायचा. “आता माझा तोंड माझ्या हातात हाय.”

तो रोज दाढी करायचा. शेतावर जायचं असलं तरी. ओटीवर, उजेडात, आरसा खांबाला टांगून. रस्त्याने जाणाऱ्यांना दिसेल असा. आजी म्हणायची, “आत बसून करा की.” तो ऐकायचा नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्या लोट्याच्या आसपासच्या एका वाडीतल्या पोरांनी जयंतीला एक टेबल मांडायचं ठरवलं. वाडवडलांच्या वस्तू दाखवायच्या. विचार फार चांगला. बिल्ले आले, पेन्शनची पुस्तकं आली, एनॅमलचे मग आले, आणि चार सेफ्टी रेझर आले. चार! एका लहान वाडीत. यावरूनच कळावं की ही एकट्या आमच्या घरातली गोष्ट नाही. पोरांना वाटलं, मळकट वस्तू कशी मांडायची? एकाने संडास धुवायचं ॲसिड आणलं आणि रेझर त्यात टाकला. फेस आला, मळ गेला, आणि त्याबरोबर क्रोमही गेलं. दुसरा रेझर एकाने राख आणि काथ्या घेऊन घासला. तो चकाकला, पण पिवळा होऊन. पट्टीवरची अक्षरं अर्धी पुसली. पोरं खूश. तो रेझर ज्याचा होता त्या म्हाताऱ्याच्या सुनेने तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, “ह्यो आमचा नाय.”

पोरांना दोष देत नाही. आपल्या घरात धातू साफ करायची जी विद्या आहे ती भरीव भांड्यांची. कोकणात बायका तांब्यापितळेची भांडी आमसुलाने, चिंचेने, राखेने घासतात. आंबट पदार्थाने वरचा काळा थर सुटतो, राखेने धातूही जरासा झिजतो. पण पितळेच्या खाली पितळच असतं. शंभर वर्षं घासा, तांब्या तांब्याच राहतो. मुलाम्याची वस्तू वेगळी. तिथे वर एक धातू आणि खाली दुसरा. वरचा गेला की गेला, घासून परत येत नाही.

हा थर जाड किती? तो मायक्रॉनमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड. निकेलचा मुलामा त्या केसापेक्षा कितीतरी पातळ. त्यावर क्रोम असेल तर ते बहुधा एक मायक्रॉनसुद्धा नसतं. सोन्याचं पाणी दिलेले रेझर असतात, त्यांचंही तसंच. म्हणजे ज्या केसाला तो रेझर कापतो त्याच्याहून नाजूक त्याची कातडी आहे.

मी लोट्याच्या एमआयडीसीत कामाला होतो. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खेड तालुका, मुंबई-गोवा हायवे, खाली परशुराम घाट उतरला की चिपळूण. वर पठारावर केमिकलच्या कंपन्या. मी एका कंपनीत कंत्राटी होतो. ॲसिड काय करतं ते मी वाचून शिकलो नाही. सुरुवातीला हातमोज्याशिवाय टाकी धुवायला लावलं होतं, तेव्हा शिकलो. म्हणून ॲसिडचं जरा नीट सांगतो. संडासच्या बाटलीतलं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. क्रोम त्यात पटकन विरघळतं. निकेल हळू विरघळतं, पण विरघळतं. व्हिनेगर आणि लिंबू सौम्य वाटतात, पण जिथे मुलामा आधीच फुटलाय तिथून ते आत शिरतात. रेझर जस्ताच्या ओतीव धातूचा असेल तर खड्डेच पडतात. काही रेझरांचा दांडा ॲल्युमिनियमचा असतो, हातात अगदी हलका लागतो. त्याला धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक लावलं की तो फसफसतो आणि काळा पडतो. ब्लिचिंग पावडरही नको. अमोनिया असलेलं काच पुसायचं औषध पितळेला वाईट. टूथपेस्ट, रांगोळी, विटकरीची पूड, तारेची घासणी ही सगळी घासून कापणारी मंडळी. दूर ठेवा.

मग करायचं काय? पद्धत साधी आहे. तिला वेळ लागतो, पैसा लागत नाही.

आधी पातं असेल तर काढा, कागदात गुंडाळून टाका. जुन्या गंजक्या पात्याशी खेळ नको. मग तिन्ही तुकडे सुटे करा. आटे घट्ट बसले असतील तर पक्कड लावू नका. मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बहुतेक वेळा हाताने फिरतो.

नंतर कोमट पाणी घ्या. उकळतं नको. काही मुलाम्यांवर लाखेसारखा पारदर्शक थर असतो, तो उकळत्या पाण्यात सुटतो. पाण्यात भांड्याच्या पातळ साबणाचे दोन थेंब. पंधरा-वीस मिनिटं तुकडे बुडवून ठेवा. जुन्या रेझरवर जो पांढरट-करडा मळ असतो तो मुख्यतः दाढीचा साबण, पाण्यातला चुना आणि माणसाची कातडी यांचा साठलेला थर. त्याला ॲसिड लागत नाही. त्याला भिजायला वेळ लागतो. एकदा भिजून सुटला नाही तर पाणी बदलून पुन्हा भिजवा. तिसऱ्यांदा भिजवा. घाई कोणाला आहे?

मग लहान मुलाचा मऊ टूथब्रश घ्या. दांड्यावरच्या चौकड्यांत, पट्टीच्या दातांत, आट्यांत हळू फिरवा. कोपऱ्यातला मळ बांबूच्या काडीने काढा. सुई, टाचणी, चाकूचं टोक वापरू नका, ओरखडा कायमचा राहतो. कुठे हिरवं दिसलं तर तिथे मुलामा गेलाय आणि आतलं पितळ हवेला लागलंय असं समजा. त्यावर तेलाचा थेंब ठेवून दुसऱ्या दिवशी काडीने उचला.

स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच पुसा. आपल्याकडच्या पावसाळ्यात आपोआप वाळेल यावर विसंबू नका. जुन्या धुवट लुंगीचा तुकडा सगळ्यात बरा. दाढीला वापरायचा असेल तर वर स्पिरिटचा बोळा फिरवा. आट्यांना तेलाचा एक थेंब द्या. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं.

बहुतेक रेझर इथपर्यंत आले की पुरे झालं. तरीही निकेल फारच धुरकट दिसत असेल तर धातूचं पॉलिश मटाराच्या अर्ध्या दाण्याएवढं सुती कापडावर घ्या आणि बोटाचा भार न देता चार-दोन वेळा फिरवा. कापड काळं होईल. त्या काळ्यात नुसता मळ नसतो, धातूही असतो. म्हणून वर्षातून एकदासुद्धा जास्त. सोनेरी मुलाम्यावर, रंगावर आणि जिथे पिवळं डोकावायला लागलंय त्या जागी पॉलिश अजिबात नाही.

ठेवताना कोरड्या सुती फडक्यात ठेवा. रबर बँड लावू नका, चांदीचा मुलामा त्याने काळा पडतो. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली तर ओल आत अडकते.

कुणी म्हणेल, एवढा व्याप कशाला? बफ मारून पुन्हा निकेल चढवून आणू. मिळतं करून. पण त्यासाठी आधी उरलेला जुना मुलामा काढावा लागतो आणि मग पितळ बफावर धरावं लागतं. चौकड्या बोथट होतात, अक्षरं उडतात, कडा गोल होतात. परत येतो तो नवा रेझर. आणि क्रोम चढवायचं म्हणाल तर त्या टाकीजवळ कोण उभा असतो तेही विचारा. तिथलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोग करणारं आहे. त्याची वाफ नाकात जाऊन नाकाच्या पडद्याला भोकं पडतात. आपल्या आज्याची वस्तू चमकावी म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी नातवाने ती वाफ घ्यावी, हा हिशेब मला जमत नाही. लोट्याच्या पठारावर राहून दुसऱ्यासाठी वास घेणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे. खाली दाभोळच्या खाडीतल्या मच्छीमारांनाही माहीत आहे.

आता एक गोष्ट, जी पोरांना मी दोनदा सांगितली. आमच्या रेझरच्या दांड्यावर दोन जागी निकेल नाही. एका बाजूला अंगठ्याएवढा पिवळा डाग, समोरच्या बाजूला दोन बोटांचे. रोज सकाळी त्याच तीन बोटांनी धरून पडलेले. अक्षरं लिहायला न शिकलेल्या माणसाने धातूवर केलेली ही सही आहे म्हणा. तो डाग साबणाने जात नाही, जाऊही नये. बाकीचा दांडा घासून पिवळा केला तर डाग कुठला आणि दांडा कुठला कळणार नाही. मुलामा राखायचा तो शोभेसाठी नाही. मुलामा शिल्लक आहे म्हणून त्यातली झीज दिसते.

मळ आणि झीज यांत फरक करायला शिका, दोस्त हो. साबणाचा थर, धूळ, गंज हा मळ. तो वस्तूवर बाहेरून बसला. झीज माणसाच्या वापराने आली. आज्याच्या आयुष्यातली पन्नासेक वर्षं त्या डागात आहेत, दुसऱ्या कुठल्या दप्तरात नाहीत. खोताच्या घरातली तलवार म्युझियममध्ये जाते, तिला काचेची पेटी मिळते, साफ करायला शिकलेला माणूस मिळतो. आपल्या वाडीतल्या रेझरला तेवढं तरी ज्ञान मिळावं. ते देणारे आपणच.

म्हणून काम सांगतो. आपापल्या वाडीत विचारा. कपाटावरच्या ट्रंका उघडायला सांगा. रेझर, पात्याची रिकामी पाकिटं, दाढीचा ब्रश, खांबाला टांगायचा आरसा, जे निघेल ते. साफ करण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. हल्ली फोन सगळ्यांकडे आहे. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हा कुणाचा, कुठून आला, आधी तुमची हजामत कोण करायचं, सलूनच्या खुर्चीवर पहिल्यांदा कधी बसलात, न्हाव्याने काय म्हटलं. जसं बोलतील तसं लिहून घ्या, भाषा सुधारू नका. ती माणसं फार दिवस राहणार नाहीत. कागद वस्तूबरोबर ठेवा. त्यानंतर पाणी कोमट करा.

जयभीम.